गाठ कापली, पण तिचा तुकडा कुठे गेला?

शेतीच्या पानावर माणसाच्या अंगावरच्या गाठीचा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. लिहायला बसताना मलाही वाटले. मी काही डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला, मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा कृषी खात्याचा माणूस. पण आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊक आहे. उसाचे पान पिवळे पडले की मला दाखवायचे, म्हशीने चारा सोडला की मला विचारायचे, आणि घरातल्या माणसाला काही झाले तरी "साहेब, जरा बघा की हा कागद" म्हणून रिपोर्ट माझ्याच हातात द्यायचा. असाच एक कागद लोणी काळभोरला माझ्या हातात आला आणि त्यामागे मला बरेच वाचावे, विचारावे लागले. ते आपल्यापुढे ठेवतो.

लोणीला मुठा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस आणि फुलशेती करणारे एक कुटुंब आहे. घरातल्या कर्त्या माणसाला सगळा गाव तात्या म्हणतो. मी तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उसातली हुमणी बघायला गेलो होतो. तात्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा बांधावरून येताना डावा पाय जरा जपून टाकत होता. विचारले तर म्हणाला, "काही नाही, गुडघ्याच्या मागं गाठ आली होती. काढली. आता परत आलीय."

दोन वर्षे ती गाठ अंगावर काढली होती. दुखत नव्हती. कधीतरी खोऱ्याचा दांडा लागला होता, त्याची असेल, अशी घरच्यांची समजूत. लिंबाएवढी झाली तेव्हा एका लहान दवाखान्यात दाखवली. "चरबीची गाठ आहे, काढून टाकू" म्हणाले. तेवढ्या जागेला बधिर करून अर्ध्या तासात काढली. ट्रेमध्ये तात्यांना दाखवली आणि टाकून दिली. सात महिन्यांनी त्याच टाक्यांच्या खाली परत फुगवटा.

मी सहज विचारले, "पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठंय?"

तात्या म्हणाले, "कसला रिपोर्ट साहेब? गाठ काढली, टाकली."

माझ्या मते सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे. दवाखान्याचे नाव मी लिहिणार नाही. हे एका दवाखान्याचे नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीचे आहे. गाठ दिसायची बंद झाली की आपल्या लेखी काम झाले. खरे तर ती गाठ नेमकी काय होती हे सांगणारा एकमेव साक्षीदार त्या ट्रेमध्ये होता.

आता कोणी घाबरून जाऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. कातडीखाली, मांसात येणाऱ्या गाठींपैकी बहुतेक साध्या असतात. साध्या गाठी शंभर तर कॅन्सरची एक, असे ढोबळ प्रमाण धरतात. पाठीवरची, दंडावरची, बोटाने हलवली तर इकडून तिकडे सरकणारी मऊ चरबीची गाठ आपल्यातल्या कितीतरी जणांना असते आणि ती घेऊन माणसे सुखाने म्हातारी होतात. पण त्या एकात जी मंडळी येतात त्यांना सार्कोमा म्हणतात. कॅन्सर म्हटले की आपल्याला तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या तोंडाचा आठवतो. ते अवयवांच्या अस्तराचे किंवा ग्रंथींचे असतात. सार्कोमा हा मांस, चरबी, शिरा, सांध्याभोवतीचा भाग, हाड अशा जुळणीच्या भागांतला. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये तो शेकडा एकाच्या आसपास. त्यातही मऊ भागाच्या सार्कोमाचे पन्नासच्या वर प्रकार आहेत. म्हणजे एखाद्या डॉक्टरच्या सगळ्या कारकिर्दीत एखादा प्रकार एकदाच दिसेल किंवा दिसणारही नाही. डॉक्टर चुकतात त्याचे एक कारण हेच. जी कीड वीस वर्षांत पाहिली नाही ती पहिल्या नजरेला मीही ओळखणार नाही.

तात्यांच्या मुलाला निघाला तो प्रकार म्हणजे सायनोव्हियल सार्कोमा. मऊ भागाच्या शंभर सार्कोमांत हा साधारण पाच ते दहा. पंधरा ते चाळीस या ऐन कामाच्या वयात जास्त. हातापायात, विशेषतः गुडघ्याच्या आसपास येतो. वाईट एवढ्यासाठी की वाढ कधी कधी फार संथ असते. दोन-दोन, चार-चार वर्षे गाठ तशीच, त्यामुळे ती साधी वाटते. काही जणांच्या गाठीत चुन्याचे कण साठतात, ते एक्स-रेत दिसले की "जुनी जखम आहे" असे वाटून जाते. आणि मग एक दिवस फुप्फुसात ठिपके निघतात.

नावाचीही गंमत आहे. सांध्याच्या आतल्या अस्तराला सायनोव्हियम म्हणतात. जुन्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ त्या अस्तरासारखी वाटली, म्हणून हे नाव पडले. पुढे कळले की तिचा त्या अस्तराशी संबंध नाही आणि सांध्याच्या पोकळीत ती क्वचितच असते. पण सातबाऱ्यावर एकदा चढलेले नाव जसे सहजी उतरत नाही, तसेच हेही राहिले.

दुर्बिणीखाली काय बघतात

आपण मातीचा नमुना काढतो तेव्हा किती नियम पाळतो बघा. बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, शेणखताच्या ढिगाजवळची नाही. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो पिशवीत आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर गट नंबर, मागचे पीक, पुढचे पीक. चिठ्ठी नसली तर प्रयोगशाळा आकडे देईल, पण ते आकडे कोणाच्या कामाचे?

गाठीचेही तसेच आहे. तज्ज्ञ डॉक्टर गाठ आधी कापत नाहीत. आधी एमआरआय काढून ती किती खोल आहे, शिरेला, नसेला किती चिकटली आहे ते बघतात. मग जाड सुईने तिचे बारीक काडीसारखे तीन-चार तुकडे काढतात. याला बायोप्सी म्हणतात. मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा मेलेला, सडलेला असतो. सुई तिथेच गेली तर काचेवर काहीच कळत नाही. म्हणून जिवंत भाग बघून सुई घालावी लागते. शिवाय ज्या वाटेने सुई गेली ती वाटही पुढच्या ऑपरेशनमध्ये काढून टाकायची असते, त्यामुळे सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनेच ठरवलेले बरे. आपल्याकडे खेडोपाडी समज आहे की "सुई टोचली की कॅन्सर पसरतो". नीट केलेल्या सुईने पसरतो ही भीती बाळगू नये. खरा पसरतो तो अर्धवट कापल्याने. गाठीच्या पेशी टाक्यांच्या सगळ्या जागेत, रक्त साकळलेल्या पोकळीत सांडतात आणि मग पुढच्या वेळी लिंबाएवढ्या गाठीसाठी नारळाएवढी जागा काढावी लागते.

काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा. फॉर्मॅलिन आपल्याला नवीन नाही. दुधाचा नमुना टिकवायला दोन थेंब टाकतात, कोंबड्यांच्या शेडमध्ये धुरी देतात, मेंढ्यांच्या खुरांसाठी वापरतात. तेच. पण प्रयोगशाळेचे फॉर्मॅलिन शेकडा दहाचे, आम्लता नीट राखलेले असते. तुकड्याच्या निदान दहापट पाणी हवे आणि बाटली रुंद तोंडाची हवी. कारण असे की फॉर्मॅलिन मांसात तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते. आख्खी गाठ लहान बाटलीत कोंबली तर वरून घट्ट आणि आतून कुजलेली मिळते. म्हणून मोठी गाठ पावासारखे काप देऊन ठेवावी लागते, ते काम डॉक्टरांचे. आपण लक्ष ठेवायचे ते एवढेच, की तुकडा नुसत्या मिठाच्या पाण्यात, स्पिरिटमध्ये किंवा कोरड्या कापसात घरी आलेला नाही. तसा आला तर तो निकामी होत चालला आहे. रॉकेलच्या बाटलीत गाठ घालून आणल्याचीही गोष्ट मी एका तपासनीसाकडून ऐकली आहे.

पुढची कामे प्रयोगशाळेत होतात. तुकड्यातले पाणी काढून त्यात मेण भरतात. त्याचा छोटा ठोकळा होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्या ठोकळ्यावरून यंत्राच्या पात्याने तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपला एक केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. तो काप काचपट्टीवर चिकटवून रंगवतात. दोन रंग, जांभळा आणि गुलाबी. हे ऐकून माझे कान टवकारले, कारण जांभळा रंग चक्क एका झाडाच्या लाकडातून येतो. मेक्सिकोकडचे ते झाड, बाभूळ-चिंचेच्या शेंगवर्गीय कुळातले. लाकूड उकळून सत्त्व काढायचे आणि त्याला हवा लागून मुरू द्यायचे, तेव्हा कुठे तो रंग धरतो. दीडशे वर्षे झाली, जगभरच्या प्रयोगशाळा अजून त्याच रंगावर चालल्या आहेत. पेशीच्या मधला गाभा त्याने जांभळा होतो, बाकीचा भाग गुलाबी.

मग पॅथॉलॉजिस्ट डोळा लावतात. सायनोव्हियल सार्कोमाच्या काचेवर दिसतात त्या चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी. सगळ्या एकसारख्या, एका साच्यातल्या, गर्दी करून एकमेकींवर चढलेल्या. उसाच्या सरींसारख्या पट्ट्या, एक पट्टी इकडे वळलेली, दुसरी तिकडे. मध्येच हरणाच्या शिंगासारख्या फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या. काही गाठींत या चातींच्या मधे दुसऱ्याच जातीच्या, गोल पोकळीभोवती ओळीने बसलेल्या पेशी दिसतात. अशी दोन जातींची सरमिसळ दिसली की जाणकाराला ओळख लवकर पटते. पण पुष्कळ गाठींत दुसरी जात नसतेच. नुसत्या चाती. आणि नुसत्या चाती दिसणाऱ्या गाठी डझनभर आहेत. नसेच्या आवरणाची गाठ तशीच, स्नायूची तशीच, तंतूंची तशीच. काही तर साध्याही असतात. कांद्याच्या आणि लसणाच्या कोवळ्या पातीत लांबून फरक सांगा म्हटल्यासारखे ते आहे. जवळ जाऊन चुरगाळून वास घ्यावा लागतो.

तात्यांच्या मुलाचा पहिला कागद असाच होता. "चातीच्या आकाराच्या पेशींची गाठ, पुढील तपासण्या आवश्यक." तात्या भडकले. "आठ दिवस थांबवलं आणि हेच सांगायचं होतं? यांना काही कळत नाही, दुसऱ्या लॅबला टाकू." मला उलट वाटले. ज्याने अंदाजाने नाव ठोकून दिले नाही तो माणूस प्रामाणिक. मावा आहे की तुडतुडे आहेत हे न बघता औषध लिहून देणारा दुकानदार आपल्याला चालतो, आणि "थांबा, नीट बघू द्या" म्हणणारा चालत नाही. हे आपले नेहमीचेच.

वास घेण्याची जी तपासणी, ती अशी. पेशीत कोणती प्रथिने आहेत हे ओळखणारी द्रव्ये काचेवर टाकतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. स्नायूच्या गाठीचे वेगळे, नसेच्या गाठीचे वेगळे. एकच रंग उमटला म्हणून निर्णय करायचा नाही, पाच-सहा लावून कोणते उमटले आणि कोणते नाही हे एकत्र वाचायचे. सायनोव्हियल सार्कोमात केराटिन आणि ईएमए ही दोन अधूनमधून, तुरळक ठिकाणी उमटतात. टीएलई-वन नावाचे एक पेशींच्या गाभ्यात जोरात उमटते. या टीएलई-वनचा आपल्याकडच्या रुग्णांवर पडताळा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात घेतला गेला. डॉ. भरत रेखी, डॉ. निर्मला जांभेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ साली प्रसिद्ध केला. निष्कर्ष आपल्या भाषेत सांगायचा तर, बहुतेक सायनोव्हियल सार्कोमांत हा रंग उमटतो, पण इतर काही गाठींतही उमटतो. तेव्हा इतरांच्या जोडीने वापरा, एकट्यावर विसंबू नका.

तरीही शंका राहिली तर शेवटची पायरी गुणसूत्रांची. प्रत्येक पेशीत बियाण्याच्या वाणासारखी वंशाची नोंद असते. या रोगात एक्स आणि अठरा या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. हे १९८० च्या दशकात लक्षात आले, आणि त्या सांध्यावर कोणती जनुके चिकटतात ते १९९४ साली नक्की झाले. एकीचे नाव एसएस-अठरा, दुसरीचे एसएसएक्स. एसएस-अठराच्या दोन टोकांना हिरवा आणि लाल असे चमकणारे ठिपके लावतात. निरोगी पेशीत दोन्ही ठिपके शेजारी शेजारी, तुटलेल्यात लांब लांब. २०२० पासून या जोडलेल्या प्रथिनालाच थेट ओळखणारा तपकिरी रंगही निघाला आहे, पण तो सगळीकडे मिळत नाही. ही तुटफूट आईवडिलांकडून आलेली नसते. तात्यांच्या घरात सुनेला कोणीतरी "तुमच्या घराण्यातच आहे" म्हणून टोचून बोलले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. खोऱ्याच्या दांड्याचाही दोष नाही. मार लागल्यामुळे गाठ होत नाही. मार लागल्यावर हात लावून बघतो, तेव्हा आधीच असलेली सापडते.

नाव कळल्यावर आणखी एक मोजणी असते, प्रतीची. पेशी मूळ ऊतीपासून किती भरकटल्या, दहा दृश्यांत किती पेशी दुभंगताना दिसतात, आणि किती भाग मेलेला आहे, या तिघांना गुण देऊन बेरीज करतात. सायनोव्हियल सार्कोमाला पहिल्या कलमात नेहमी तीनपैकी तीन मिळतात. त्यामुळे तो कधीच सर्वात सौम्य प्रतीत बसत नाही. कागदावर "ग्रेड टू" दिसले म्हणून "मधलाच आहे, चालेल" असे समजून घरी बसू नये.

परळची आणि बार्शीची गोष्ट

या शास्त्राचे आपल्या मराठी मुलखाशी जुने नाते आहे. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथली प्रयोगशाळा उभी केली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. १८९५ सालचा त्यांचा जन्म. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, १९५५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. कमरेला वर्षानुवर्षे धोतर करकचून नेसणाऱ्या माणसांना नेमक्या त्या काठाखाली कातडीचा कॅन्सर होतो, हे त्यांनी १९४५ च्या एका लेखात मांडले. काचेवर पेशी बघणारा माणूस धोतराची गाठ कुठे बसते हेही बघत होता.

टाटाची एक पद्धत आहे, जी आपल्याला उपयोगी आहे. बाहेरगावचा रुग्ण गेला की ते नुसता कागद बघून पुढे जात नाहीत. मूळ काचा आणि मेणाचा ब्लॉक मागतात, आपल्या डोळ्यांनी परत बघतात. मऊ भागाच्या गाठींत दुसऱ्यांदा बघितल्यावर नाव बदलल्याची उदाहरणे जगभर आहेत. नाव बदलले की औषध बदलते. एका गाठीला आधी केमो लागते, दुसरीला नुसते ऑपरेशन पुरते, तिसरीला ऑपरेशनच नको. २०२४ मध्ये अमेरिकेत सायनोव्हियल सार्कोमासाठी रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी शिकवून परत घालण्याच्या एका उपचाराला मंजुरी मिळाली. तो आपल्या हाताशी नाही, पण तिथेही पहिली अट नेमक्या निदानाची आणि गाठीच्या तपासणीचीच आहे.

आणि आपल्या सोलापूर रस्त्याने पुढे गेले, टेंभुर्णीहून कुर्डुवाडीकडे वळले की बार्शी. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली, टाटाच्या मदतीने. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत कॅन्सरचे किती लोक आहेत याची मोजदाद. शहरात रुग्णालयांतले कागद गोळा केले की आकडा मिळतो. खेड्यात माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता, तर कागद कुठला? म्हणून नोंदवहीची माणसे गावोगाव गेली, चावडीवर बसली, लक्षणे सांगितली, संशयिताला दवाखान्यात आणले आणि तपासून घेतले. अशा नोंदवहीची प्रत बघताना एक गोष्ट आवर्जून मोजतात, की शंभरातल्या किती जणांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झाले आणि किती जणांचे नुसत्या अंदाजाने. तात्यांच्या मुलाची पहिली गाठ यातल्या कुठल्याच रकान्यात गेली नसती. ती कचऱ्यात गेली.

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई यांच्यासाठी

गावात कोणाला गाठ असली तर कोणत्या गाठीची वाट बघायची नाही, ते सांगतो. मोठ्या लिंबाएवढी म्हणजे पाच सेंटिमीटरच्या वर असलेली. वाढत असलेली. स्नायू आवळला की घट्ट बसणारी, म्हणजे खोल असलेली. दुखणारी. आणि एकदा काढून परत आलेली. यातले एक जरी असले तरी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. लोणीला केंद्र आहे. तिथून पुण्यात ससूनला पाठवता येते. "दुखत नाही म्हणजे काही नाही" हे आपले सगळ्यात महागात पडणारे वाक्य आहे. दुखण्याची वाट बघू नका.

काढायचे ठरले तर डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारावेत. आधी सुईने तपासायची गरज आहे का? आणि काढलेली गाठ तपासायला जाणार ना? यात डॉक्टरांचा अपमान नाही. विहीर खोदणाऱ्यालाही आपण पाणी बघून घेतलेस का म्हणून विचारतोच. तुकडा पाठवायच्या अर्जावर वय, गाठ नेमकी कुठे, किती खोल, कधीपासून, आधी काढली होती का, एमआरआयत काय दिसले, हे भरलेले असावे. ते नसेल तर पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठी नसलेली माती तपासायला दिल्यासारखे होते.

पैशाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटावे. मात्र बाहेरच्या लॅबमध्ये केलेल्या तपासणीचा खर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो, हे आधी विचारून घ्यावे. गावात वर्गणी काढतात ती ऑपरेशनसाठी. तपासणीला कोणी वर्गणी काढत नाही. तात्यांच्या वेळी तपकिरी रंगांच्या तपासण्यांचे पैसे भरायचे म्हणून घरात दोन दिवस वाद चालला होता. मेव्हणा म्हणत होता, "गाठ काढायचीच आहे ना, मग नाव कशाला पाहिजे?" शेवटी तात्यांनी फुलांच्या पट्टीचे पैसे उचलले.

तीन आठवडे लागले नाव कळायला. मग मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात काचा आणि ब्लॉक परत बघितले, नाव तेच राहिले. ऑपरेशनमध्ये जुने टाके, त्याभोवतीचे मांस, सगळे एकत्र काढावे लागले. कातडी कमी पडली म्हणून मांडीची लावली. पहिल्याच वेळी नीट तपासून काढली असती तर एवढे काढावे लागले नसते, असे तिथले डॉक्टर म्हणाले. पाय वाचला. नंतर पाच-सहा आठवडे लाइटचा शेक. गुडघा आता पूर्ण वाकत नाही, त्यामुळे उकिडवे बसून खुरपणी होत नाही. ट्रॅक्टर चालवतो, फुले मार्केटला नेतो. दर काही महिन्यांनी छातीचा फोटो काढायला जातो, कारण हा रोग फुप्फुसात उशिरासुद्धा निघतो, पाच वर्षांनीही. छातीच्या फोटोच्या आदल्या रात्री घरात कोणी नीट जेवत नाही, असे त्याची आई मला म्हणाली.

गेल्या महिन्यात ठिबकच्या अनुदानाचे कागद घ्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. तात्यांनी पत्र्याची पेटी उघडली. वर सातबारा, आठ-अ, पीककर्जाचे पासबुक, आणि त्याखाली प्लास्टिकच्या डबीत काचा आणि मेणाचे दोन ब्लॉक, नंबर लिहिलेले. पुढे कधी गरज पडली, नवीन तपासणी आली, तर याच ठोकळ्यातून नवे काप काढता येतात. वर्षानुवर्षे टिकतो तो. तात्यांनी जपून ठेवला होता हे चांगलेच. पण पेटी होती पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला, आणि तेव्हा चैत्राचे ऊन. मी म्हटले, "तात्या, मेण आहे ते. वितळलं तर आतला तुकडा गेला." त्यांनी तिथल्या तिथे डबी उचलली आणि जुन्या घराच्या मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली. बियाण्याच्या गाडग्याशेजारी.